अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य

अंगणवाडी हा शब्द आज भारतातील बहुतेक सर्व भाषांमध्ये रुळला आहे. हिंदीत तो आंगनवाडी होतो, मल्याळममध्ये अंकणवाडी होतो. कन्नड, तेलुगू आणि तमिळ भाषकही थोड्याफार फरकाने तोच शब्द उच्चारतात. देशात सुमारे १४ लाख अंगणवाडी केंद्रे आहेत आणि त्यांच्या दारावरील पाटी प्रत्येक राज्यात तेथील लिपीत हेच नाव सांगते. हे नाव ज्या कामातून पुढे आले, ते काम मात्र एका लहान गावात सुरू झाले. डहाणू तालुक्यातील बोर्डी हे ते गाव आणि ताराबाई मोडक हे त्यामागचे नाव होय. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे.

शाळेत जाण्याआधीच्या वयातील बालकांना शिक्षणाची गरज असते, ही गोष्टच ज्या काळी बहुतेकांना मान्य नव्हती, त्या काळी ताराबाईंनी या कामाला आयुष्य वाहिले. लहान मुलांना सांभाळणे हे घरातील म्हाताऱ्या माणसांचे किंवा मोठ्या भावंडांचे काम, अशी समजूत होती. या कामाला ज्ञान लागते, प्रशिक्षण लागते आणि ते करणारी व्यक्ती ही शिक्षिकाच असते, हा विचार त्यांनी सुमारे ५० वर्षे आपल्या कृतीतून मांडला. त्या विचारातील एक भाग देशाने स्वीकारला, तर एक भाग अजून पुरता स्वीकारायचा आहे. म्हणूनच त्यांचे चरित्र केवळ इतिहासाचा विषय राहत नाही.

मुंबई, अमरावती आणि राजकोट

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी केळकर कुटुंबात झाला. त्यांचे घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे होते. जातिभेद, बालविवाह आणि विधवांवरील बंधने यांना विरोध करणाऱ्या या समाजात मुलींच्या शिक्षणाला मोठे स्थान होते. या संस्कारांमुळे ताराबाईंच्या शिक्षणात खंड पडला नाही. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवीपर्यंत पोहोचलेल्या स्त्रिया तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पती-पत्नी विभक्त झाले. पतीपासून वेगळी राहणारी स्त्री, पदरी लहान मुलगी आणि उपजीविकेचा प्रश्न, अशी त्यांची स्थिती होती. सुशिक्षित घरांतही अशा स्त्रीकडे सहानुभूतीपेक्षा संशयानेच पाहिले जात असे. ताराबाईंनी माहेरी आश्रय घेण्याऐवजी नोकरी पत्करली आणि त्या काठियावाडातील राजकोट येथे गेल्या. तेथील बार्टन महाविद्यालय स्त्रियांना शिक्षिका म्हणून तयार करीत असे. ताराबाई त्या संस्थेच्या प्रमुख झाल्या. प्रदेश परका होता आणि भाषाही परकी होती. त्यांनी गुजराती भाषा इतकी आत्मसात केली की पुढे त्या भाषेत त्यांनी लेखन आणि संपादनही केले.

राजकोट येथील पद मानाचे होते, वेतन निश्चित होते आणि राहण्याची सोय होती. एकट्या स्त्रीला हवी असणारी स्थिरता तेथे मिळाली होती. ती स्थिरता त्यांनी दोनच वर्षांत सोडली.

भावनगरचे बालमंदिर

राजकोटपासून दूर नसलेल्या भावनगर येथे दक्षिणामूर्ती ही संस्था होती. नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये ती स्थापन केली होती. तेथे वकिली सोडून शिक्षक झालेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई हे मिशा राखणारे, भारदस्त दिसणारे गृहस्थ. लहान मुलांमध्ये ते असे रमत की गुजरातमध्ये लोक त्यांना मिशीवाली आई म्हणू लागले. बालकांची जोपासना हे केवळ स्त्रियांच्या स्वभावावर सोडून द्यायचे काम नव्हे, याचे ते चालतेबोलते उदाहरण होते.

गिजुभाईंच्या कामाला इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा आधार होता. माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह उघडले होते. मूल स्वतःच्या हातांनी वस्तू हाताळून शिकते, त्याला शिकवण्यापेक्षा शिकू देण्याची व्यवस्था करावी लागते आणि शिक्षकाचे पहिले काम निरीक्षणाचे असते, अशी त्या पद्धतीची मांडणी होती. शिक्षा आणि बक्षीस या दोन्हींना तीत स्थान नव्हते. आपल्याकडच्या शाळांत तेव्हा छडीचे राज्य होते.

१९२३ मध्ये ताराबाई भावनगरला गिजुभाईंच्या कामात सहभागी झाल्या. माँटेसरी पद्धतीचा अभ्यास दोघांनीही बारकाईने केला, पण ती जशीच्या तशी उचलली नाही. गोष्टी, लोकगीते, नाट्यखेळ, रास-गरबा आणि बागेतील काम यांना बालमंदिरात मोठे स्थान मिळाले. भारतीय मुलाच्या घरात आणि परिसरात जे असते, त्यातूनच त्याचे शिक्षण उभे राहावे, असा प्रयत्न होता.

१९२५ मध्ये भावनगरला बालशिक्षकांसाठी अध्यापन मंदिर सुरू झाले. बालशिक्षण हा प्रशिक्षण घेऊन करण्याचा व्यवसाय आहे, हे तेथे प्रथमच स्पष्टपणे मांडले गेले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाने शिक्षण पत्रिका हे मासिक चालविले. गुजराती आवृत्तीनंतर १९३३ मध्ये मराठी आवृत्ती निघाली आणि पुढे हिंदी आवृत्तीही निघाली. आई-वडील आणि शिक्षक हे दोन्ही वाचक डोळ्यांसमोर ठेवून ताराबाईंनी या पत्रिकेत सातत्याने लिहिले. मूल हट्ट का करते, शिस्त म्हणजे नेमके काय, मारल्याने मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, असे रोजच्या संसारातील प्रश्न त्यांनी शास्त्रीय दृष्टीने आणि साध्या भाषेत हाताळले.

दादर येथील शिशुविहार

१९३० नंतरच्या काळात ताराबाई मुंबईला परतल्या. १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार केंद्र सुरू झाले. मराठी आणि गुजराती अशा दोन्ही माध्यमांतून तेथे बालशिक्षण दिले जाऊ लागले. जोडीला शिक्षिकांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग होता. शिक्षण घेतलेल्या, पण घराबाहेर काम करण्याची वाट न सापडलेल्या अनेक स्त्रियांना या वर्गाने व्यवसाय दिला.

१९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले. त्याच वर्षी डॉक्टर माँटेसरी भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. देशातील मोठ्या शहरांत माँटेसरी शाळांचे आकर्षण वाढले. मात्र या शाळांसाठी लागणारे ठरावीक लाकडी साहित्य महाग होते. त्यामुळे मुख्यतः सुखवस्तू घरांतील मुलांनाच त्यांचा लाभ मिळत होता. ज्या माँटेसरींनी गरीब वस्तीत काम सुरू केले, त्यांचीच पद्धत भारतात श्रीमंत वस्त्यांपुरती राहू लागली, ही मोठी विसंगती होती.

याच सुमारास महात्मा गांधींच्या नई तालीम विचाराचा विस्तार शाळापूर्व वयाच्या मुलांपर्यंत होत होता. खेड्यातील, गरिबातील गरीब मुलाला परवडेल असे बालशिक्षण कसे असेल, हा प्रश्न त्यातून पुढे आला. ताराबाईंचे वय तेव्हा ५३ वर्षांचे होते. दादरमध्ये त्यांचा जम बसला होता आणि नाव झाले होते. तरीही १९४५ मध्ये त्यांनी मुंबई सोडून बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले.

बोर्डीतील अनुभव

बोर्डी हे समुद्रकाठचे, चिकूच्या वाड्यांचे गाव. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल आणि आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक यांच्यामुळे गावात शिक्षणाचे वातावरण होते. परंतु गावाच्या कडेला आणि डोंगराच्या पायथ्याशी वारल्यांचे पाडे होते. १९४५ हेच वर्ष या भागातील वारली आदिवासींच्या वेठबिगारीविरुद्धच्या उठावाचेही आहे. जमीनदारांचे गवत कापणे आणि जंगलातील लाकूड तोडणे यांत ज्यांचा दिवस जात असे, त्यांच्या मुलांपर्यंत हायस्कूल तर दूरच, पहिलीचा वर्गही पोहोचला नव्हता.

या कामात ताराबाईंना एक समर्थ सहकारी मिळाली. अनुताई वाघ यांचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी त्यांना वैधव्य आले होते. त्यानंतर शिकून त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिक्षिका झाल्या होत्या. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली आणि १९४५ पासून पुढे दोघींचे आयुष्य एकाच कामाशी जोडले गेले. एक पतीपासून विभक्त झालेली, दुसरी बालविधवा. ज्या स्त्रियांना रूढ समाजाने संसाराबाहेर ठेवले, त्यांनीच शेकडो घरांतील मुलांच्या संगोपनाची दिशा ठरवली.

गावात बालवाडी सुरू झाली. वाडी म्हणजे बाग, आणि बालवाडी म्हणजे बालकांची बाग. मुले येऊ लागली. पण ती सगळी गावातील बऱ्या परिस्थितीतील घरांची होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील आणि पाड्यांवरील मुले तेथे फिरकत नव्हती. कारणे उघड होती. जातिभेदाचा धाक होता, अंगावर धड कपडे नव्हते, अंतर होते आणि पहाटेच कामाला निघून गेलेल्या आई-वडिलांना मुलाला बालवाडीत पोहोचवायला सवड नव्हती.

येथे ताराबाईंनी घेतलेला निर्णय त्यांच्या साऱ्या कार्याचा गाभा ठरला. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका सकाळी वस्तीत जात. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून स्वच्छ केले जाई. मुलांना हाका मारून गोळा केले जाई. त्यांचे हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे येथूनच शिक्षणाला आरंभ होत असे. नंतर गाणी, गोष्टी आणि खेळ होत. गावात मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यांवर अशा अंगणात भरणाऱ्या वाड्या, अशी दुहेरी रचना त्यातून तयार झाली. अंगणवाडी हे नाव या रचनेतून आले.

साधनांचा प्रश्नही तेथेच सुटला. समुद्रकाठी शंख-शिंपले विपुल होते. चिंचोके, बिया, पाने, काड्या, करवंट्या आणि माती यांना पैसे पडत नव्हते. लहान-मोठे शिंपले क्रमाने लावताना मुलाला आकाराचे ज्ञान होते. चिंचोके मोजताना संख्या कळते. वेगवेगळ्या झाडांची पाने ओळखताना नजर तयार होते. महागड्या लाकडी साहित्यामागचे तत्त्व ताराबाईंनी पूर्ण समजून घेतले होते. त्यामुळेच ते साहित्य दूर ठेवून तत्त्व तेवढे राखणे त्यांना शक्य झाले. हे काम वरवर सोपे दिसत असले, तरी कोणती वस्तू कोणत्या वयाच्या मुलापुढे कधी ठेवायची, याचे ज्ञान शिक्षिकेला असावे लागत होते. म्हणून बोर्डीतही प्रशिक्षणाचे काम बालवाडीच्या बरोबरीने चालले.

स्वातंत्र्याच्या सुमारास ताराबाई काही काळ मुंबई प्रांताच्या विधिमंडळाच्याही सदस्य होत्या. परंतु त्यांचे मन बालशिक्षणातच होते.

कोसबाडची टेकडी

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाड येथील टेकडीवर हलले. आता काम प्रामुख्याने आदिवासी मुलांमध्ये होते आणि येथे नवे प्रश्न समोर आले. शाळेत येण्याजोग्या वयाची मुलगी कडेवर धाकटे भावंड घेऊन येई, किंवा त्या भावंडासाठी घरीच थांबे. तिला शाळेत बसवायचे तर आधी तान्ह्या मुलाची सोय करणे भाग होते. म्हणून पाळणाघर सुरू झाले. बालवाडी होतीच, तिच्या पुढे प्राथमिक शाळा जोडली गेली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणणाऱ्या या रचनेला विकासवाडी असे नाव मिळाले. मुलाच्या पहिल्या वर्षापासून प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत त्याच्या वाढीचा धागा तुटू नये, असा तिचा हेतू होता.

तरीही काही मुले बाहेर राहत होती. ती दिवसभर गुरे चारत. कुटुंबाची मिळकत त्यावर अवलंबून असल्याने त्यांना शाळेत बोलावणे म्हणजे त्यांच्या घरच्या अन्नावर घाला घालण्यासारखे होते. तेव्हा शिक्षक कुरणात जाऊ लागले. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरू लागला. याला कुरणशाळा म्हटले गेले. दिवसा मोकळीक नसलेल्यांसाठी रात्रीचे वर्गही घेतले गेले.

अंगणवाडी, पाळणाघर आणि कुरणशाळा या तिन्हींमागे एकच विचार होता. मूल शाळेत आले नाही, तर दोष मुलाला किंवा त्याच्या पालकांना द्यायचा नाही. शाळेच्या रचनेत काय कमी आहे, ते शोधायचे. कोसबाडच्या टेकडीवर हा विचार दररोज तपासून पाहिला जात होता.

भारत सरकारने १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण किताब देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला. शिक्षणाचा राष्ट्रीय आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सादर केलेल्या अहवालात पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या महत्त्वाची दखल घेतली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, ताराबाईंचे निधन झाले. पुढील १९ वर्षे अनुताईंनी कोसबाडचे काम सांभाळले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री किताब मिळाला आणि सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांचेही निधन झाले.

वारसा आणि प्रश्न

ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. प्रारंभी ती ३३ प्रकल्पांपुरती होती. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, माता-भगिनींसाठी पोषण व आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात होत्या. या सेवा ज्या केंद्रातून द्यायच्या, त्याला अंगणवाडी हे नाव देण्यात आले. वस्तीत जाऊन, वस्तीतील स्त्रीच्या हातून मुलापर्यंत पोहोचण्याची कल्पना अशा रीतीने राष्ट्रीय धोरण बनली.

मात्र या विस्तारात दोन गोष्टी मागे पडल्या. पहिली म्हणजे शिक्षण. अनेक ठिकाणी अंगणवाडीची ओळख आहार वाटपाचे केंद्र एवढीच राहिली. कुपोषणाचे स्वरूप पाहता आहाराला प्राधान्य मिळणे स्वाभाविक होते, तरी शिंपले आणि चिंचोके घेऊन मुलाच्या बुद्धीला चालना देणारी बोर्डीची अंगणवाडी त्यात झाकोळली. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन आणि शिक्षण हे राज्याचे उद्दिष्ट म्हणून नोंदवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. २०२३ मध्ये अंगणवाडीतील शिक्षणावर भर देण्यासाठी पोषण भी पढाई भी हा कार्यक्रम सुरू झाला. हे सारे ताराबाईंच्या मूळ कल्पनेकडे परतण्याचे प्रयत्न म्हणावे लागतील.

दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षिकेचे स्थान. योजनेत अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या मानसेवी कार्यकर्त्या ठरल्या. त्यांना वेतन नव्हे, मानधन मिळते. केंद्राच्या वाट्याचे सेविकेचे मानधन २०१८ मध्ये दरमहा ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये करण्यात आले. राज्य सरकारे त्यात आपली भर घालतात. सेविका हे सरकारी पद नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले होते. एप्रिल २०२२ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात वेगळ्या प्रश्नाचा विचार करून त्या ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निर्णय दिला. त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच आहे, असे न्यायालयाने मानले.

ताराबाईंनी स्वतः निश्चित वेतनाची नोकरी सोडून सेवाभावी काम स्वीकारले होते, हे खरे आहे. पण तो निर्णय त्यांचा होता. इतर स्त्रियांसाठी त्यांनी भावनगर, दादर आणि बोर्डी येथे प्रशिक्षणाचे वर्ग उभारले, ते त्यांच्या हाती एक व्यवसाय यावा म्हणून. एकट्या स्त्रीला स्वतःच्या कमाईची किती गरज असते, हे १९२१ नंतरच्या दिवसांत त्यांनी अनुभवले होते.

बोर्डीच्या वस्तीत झाडून घेतलेल्या त्या पहिल्या अंगणापासून देशभरातील लाखो केंद्रांपर्यंतचा प्रवास ८० वर्षांचा आहे. आज कोणत्याही राज्यात, कोणत्याही पाड्यावर सकाळी मुलांना हाका मारीत निघालेली सेविका ताराबाईंचेच काम पुढे नेत असते. तिला शिक्षिका म्हणून ओळख आणि त्या कामाचे योग्य मोल मिळेल, तेव्हा ताराबाईंनी १९२५ च्या सुमारास हाती घेतलेले काम पूर्ण झाले, असे म्हणता येईल.